पेढे आधी वाटले

आमच्या घरात विद्यापीठांचे नंबर सगळ्यात आधी मला कळले. नवरा शहापूरला पंचायत समितीत कारकून. ऑफिसातली साप्ताहिकं जुनी झाली की तो ती घरी आणायचा आणि मी डब्यांखाली अंथरायची. एका अंकात राज्यातल्या विद्यापीठांची क्रमवारी छापली होती. तो अंक मात्र मी डब्याखाली घातला नाही. देवाच्या फळीवर, आरतीच्या पुस्तकाखाली ठेवला. एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. तेव्हा मी चाळिशीची होते, आणि माझ्याइतकी शहाणी बाई शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत नाही, अशी माझी खात्री होती.

मुलगी नुकतीच बी.एस्सी. झाली होती, वनस्पतिशास्त्र घेऊन. एम.एस्सी.साठी तिने दोन ठिकाणी अर्ज केले आणि दोन्ही ठिकाणी नाव लागलं. एक घाटावरच्या मोठ्या शहरातलं विद्यापीठ. साप्ताहिकात ते पहिलं होतं, ठळक अक्षरात. दुसरं राज्याच्या पार दक्षिणेकडचं. ते शोधायला पान उलटावं लागायचं, आणि उलटल्यावर केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली बघावं लागायचं. दोन्ही सरकारी. फीचाही फार फरक नव्हता. फरक होता तो नंबरांचा, आणि नंबर मला वाचता येत होते.

इथे आधी भाताची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी फजिती पुरती कळायची नाही.

आमच्याकडे हळवं भात आणि गरवं भात असतं. हळवं लवकर पिकतं. ते माळावरच्या उंच जमिनीत लावायचं, कारण तिथलं पाणी लवकर ओसरतं. गरवं उशिरा पिकतं, त्याला पाणी धरणारी खालची खाचरं लागतात. पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. तरी शेजारच्या घरात राहणारे माझे धाकटे दीर एका वर्षी कुठल्याशा प्रदर्शनातून बक्षीस मिळालेलं गरव्याचं बियाणं घेऊन आले आणि हौसेनं माळावर लावून बसले. दसऱ्यापर्यंत भात उंच, हिरवंगार. येणारेजाणारे थांबून बघायचे. मग पाणी आटलं आणि लोंब्या पोचट राहिल्या. खळ्यावर झोडताना नुसता भुसा उडत होता. मी तिथे, सगळ्या मजुरणींच्या देखत, पदर तोंडाला लावून म्हणाले होते, "भावजी, बक्षीस बियाण्याला होतं, जमिनीला नाय."

बाया हसल्या. हे वाक्य पुढे गावात चाललं. कुणी काही अंगाबाहेरचं करायला गेलं की म्हणायचे, बक्षीस बियाण्याला होतं. मला फार अभिमान होता त्या वाक्याचा.

तर, प्रवेश घेण्याआधी दोन्ही जागा बघून यायचं ठरलं. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मी गेले. म्हणजे मीच गेले. रजा असती तरी मीच गेले असते.

पहिल्या नंबरच्या विद्यापीठात दगडी इमारत, उंच जिने, आणि शिपायाच्या अंगावरसुद्धा इस्त्रीचे कपडे. त्याने आम्हाला बाकावर बसवलं. आम्ही बसलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली, आम्ही बसलेलोच. शेवटी एक सर बाहेर आले, मुलीकडे न बघता कागद घेतला, सही केली आणि "सोमवारपर्यंत फी भरा" म्हणून आत गेले. मुलीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं.

मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. छे. मी भारावून गेले. एवढं ताटकळत ठेवतात म्हणजे केवढी मोठी जागा असेल. माझे वडील माझं स्थळ घेऊन धसईहून या घरी आले होते, तेव्हा त्यांनाही ओटीवर असंच ताटकळत ठेवलं होतं, आणि घराणं फार मोठं असावं म्हणून ते खूश होऊन परत गेले होते. घराणं मोठं वगैरे नव्हतं. सासरे दुपारचे झोपलेले होते, एवढंच. पण आम्हा बापलेकीची मोजायची पट्टी तीच.

दुसरं विद्यापीठ बघायला रात्रभर एसटीनं गेलो. वाटेत खायला मी तांदळाच्या भाकरी आणि शेवळांची भाजी घेतली होती. शेवळं म्हणजे आमच्या रानातला एक कोंब, पावसाच्या तोंडावर उगवतो. चव अशी की माणूस वर्षभर वाट बघतो. पण खाजरा. आतला पिवळा भाग काढायचा आणि शिजवताना काकडाची आंबट फळं घालायची, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो. बाजारात रानभाज्या विकणाऱ्या ठाकरणी शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतातच.

तिथे विभागाच्या पायरीवर एक बाई बसल्या होत्या. साडीच्या काठाला चिखल, समोर गोणपाटावर कसलीतरी कंदमुळं पसरलेली. मला वाटलं, माळीण असेल. मी विचारलं, "बाई, तुमचे मोठे साहेब कुठे बसतात?"

"मोठे साहेब मीच हाय," त्या हसून म्हणाल्या. "बसा की. लांबनं आलाय जणू."

आणि सरकून पायरीवर जागा करून दिली. त्या विभागप्रमुख होत्या. माझ्या मुलीचा अर्ज त्यांना आठवत होता, गावाचं नावसुद्धा. पिशवीतून वास येत होता म्हणून त्यांनी डब्यात काय आहे विचारलं आणि शेवळं म्हटल्यावर डबा उघडायलाच लावला. मग त्या आणि माझी मुलगी सुरू झाल्या. काकडं का घालतात, चिंच घातली तर चालतं का, तुमच्याकडे शेवळं उताराला येतात की सपाटीला, त्याच्या शेजारी काय उगवतं. मुलगी घरात चार शब्दांवर पाचवा बोलायची नाही. इथे हातवारे करून बोलत होती. मध्येच ती इमारतीमागच्या टेकडीकडे बोट दाखवून काही विचारायला लागली आणि दोघी उठून चालूही लागल्या. मी डब्याची राखण करत बसले. परत आल्या तेव्हा मुलीच्या ओढणीला कुसळं लागली होती आणि ती मला विसरली होती.

आईला लेकीचा चेहरा वाचता येतो. मीही वाचला, आणि साप्ताहिकासारखी घडी करून ठेवून दिला.

कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. कसलं हे विद्यापीठ? मोठी साहेबीण पायरीवर बसते, कुणाच्याही डब्यातलं खाते, लगेच भेटते. सहज मिळतं ते कधी चांगलं असतं का?

परतीच्या एसटीत मुलगी म्हणाली, "आई, माझं ठरलं."

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय? बाबा म्हणालेत, तुझं तू ठरव."

"बाबा काय म्हणत नायत? झोप आता."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगी कसल्याशा दाखल्यासाठी वडिलांबरोबर शहापूरला गेली. मी मुरबाडला गेले, पेढे घेतले, तिथून माहेरी धसईला गेले. बाजाराचा दिवस होता. तांदूळवाले, भाजीवाल्या, बसस्टँडवरचा चहावाला, माहेरची सगळी आळी, सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. "लेक पहिल्या नंबरच्या विद्यापीठात चालली." संध्याकाळी आमच्या गावात घरोघर. हे घाईत झालं नाही, आनंदाच्या भरात झालं नाही. मी ठरवून केलं. आमच्याकडे साखरपुडा मोडलेला लोक विसरतात, पण वाटलेले पेढे परत घेतलेले कुणी ऐकलेले नाहीत. मुलीला मी समजावलं असतं तर ती वाद घालून जिंकली असती. म्हणून मी वाद घातला नाही. गावाला पेढे घातले.

ती आणि तिचे बाबा परत आले तेव्हा ओटीवर माणसं बसली होती. ती पायरी चढते न चढते तोच दिरांनी तिच्या तोंडात पेढा कोंबला. "पयला नंबर गो बाय, पयला नंबर." ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडात पेढा असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. तिनं तो गिळला आणि वाकून सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही.

रात्री नवरा म्हणाला, "तुला तिथलं काय आवडलं गो?"

"पहिलं आहे," मी म्हटलं.

"ते कळलं. आवडलं काय?"

मी कूस बदलली.  बाक आठवत होता फक्त.

दिवाळीला ती आली. तब्येत बरी, कपडे नीट, मार्कही चांगले. तिथल्या कामाबद्दल विचारलं तर सांगायची: काचेच्या खोलीत, काचेच्या बाटल्यांत, पानाचा नखाएवढा तुकडा वाढवायचा. "सगळं चांगलं आहे आई. शिकवतातही चांगलं." मी ते वाक्य उचललं आणि गावभर फिरवलं. पण कापणीच्या वेळी ती बांधावरून माझ्यापुढे चालत होती, आणि तिनं खाली बघितलं नाही. ही मुलगी चालायला लागल्यापासून सरळ अशी कधी चाललीच नव्हती. दर दोन पावलांवर वाकायची, काहीतरी उपटायची, वास घ्यायची, मी ओरडायची. आता सरळ चालली, शेतातून नाही, बसस्टँडवरून चालल्यासारखी. मला ओरडायला कारणच मिळेना. मी काय केलं? माझ्यातल्या शहाण्या बाईनं मनात म्हटलं, शहरात राहून चालायला शिकली.

वर्ष संपलं. तिनं परीक्षा दिली, पास झाली, आणि पेटी घेऊन घरी आली. "परत जाणार नाही. पायरीवरच्या मॅडमना पत्र टाकलं होतं. ये म्हणाल्यात. पहिल्या वर्षापासून परत."

एक अख्खं वर्ष. आमच्या घराण्यात नापास होऊनही कुणाचं वर्ष गेलं नव्हतं, हिचं पास होऊन गेलं. नवऱ्यानं तिची पेटी उचलून आत ठेवली. दीर मात्र कुंपणापाशी आले. मला वाटलं, आता बोलतील, भांडतील, आणि मी तयारच होते. त्यांनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"वहिनी, पाणी पुरलं नाय वाटतं."

आणि निघून गेले. माझं खळ्यावरचं वाक्य किती जणांनी हसून ऐकलं होतं. त्यांचं मी एकटीनं ऐकलं. ते गावात कुणाला बोलले असते तर बरं झालं असतं. निदान त्यांच्यावर रागावता आलं असतं.

इथे मी सुधारले असते तर ही गोष्ट सांगायला सोपी होती. मी सुधारले नाही. जूनमध्ये मुलगी दक्षिणेकडे जायची तयारी करत होती आणि लोक विचारत होते, पहिल्या नंबरचं काय झालं? तेव्हा मी एक उत्तर तयार केलं. भाताच्या गिरणीवर बायांच्या घोळक्यात मी ते पहिल्यांदा वापरलं. "अगो, पहिल्या नंबरवाल्यांनीच निवडून तिकडं पाठवली तिला. खास कामासाठी. सगळ्यांना नाय पाठवत."

"एकटीलाच?" एकीनं विचारलं.

"एकटीलाच."

मागे वळले तर मुलगी कोंड्याचं पोतं घेऊन उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.  वाटेत, ओढ्यापाशी, पोतं कमरेवर सावरत तिनं विचारलं, "आई, मी पास झाले तरी तुला माझी लाज वाटते?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, मॅडमना शेवळांबद्दल विचारत होती तसं. आणि ह्या शहाण्या बाईनं, जिला प्रत्येक गोष्टीवर गावात चालेल असं वाक्य सुचायचं, तिनं काय उत्तर दिलं असेल?

"कोंडा सांडतोय. नीट धर."

तिनं पोतं नीट धरलं.  आजही गिरणीवरून कोंड्याचा वास आला की मला पाऊल लवकर उचलावंसं वाटतं.

ती गेली, शिकली. त्याच मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करून डॉक्टर झाली, तिकडेच एका कॉलेजात शिकवायला लागली, लग्न झालं, मुलगी झाली. मला आजी केलं. सुट्टीला यायची, हसायची, माझी नक्कल करायची. पण त्या प्रश्नाचं आमच्यात पुन्हा नाव निघालं नाही. मी विसरल्याचं सोंग घेतलं आणि तिनं ते मला घेऊ दिलं.

मग दोन हजार सालानंतर एका जूनमध्ये तिचा फोन आला. मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या रानात येणार आहेत, खर्डीकडचं रान बघून आपल्या घरी जेवायला. शेवळं कर.

मी पेटले. इतक्या वर्षांची कसर एका जेवणात भरून काढायची होती. विद्यापीठातली माणसं, त्यांना साधी भाजी कशी द्यायची? ओलं खोबरं, काजू, गरम मसाला, असा थाट केला. काकडं हातात घेतली आणि बाजूला ठेवली. एवढ्या थाटात आंबट चव कशी शोभणार? थोडी चिंच टाकली, नावाला. आयुष्यभर शेवळं शिजवलेली बाई मी. नव्या सुनेनंही केली नसती ती चूक मी साजूक तुपात केली.

ओटीवर पंगत बसली. मॅडम आता पिकलेल्या केसांच्या, पण साडीच्या काठाला चिखल तसाच. दीरही बसले होते. पहिला घास झाला, दुसरा झाला. मग एक विद्यार्थी खाकरला. मग त्याच्या शेजारचा. मग अख्खी पंगत घसा खाजवत, पाणी पीत, डोळे पुसत. मुलगी आत धावली आणि माजघरात सुपात पडलेली काकडं घेऊन बाहेर आली. त्यांच्याकडे बघून तिला सगळं कळलं. "आई," एवढंच म्हणाली.

नात चिंचेचे गोळे वाटत फिरली. मॅडम गोळा चघळत, खाकरत, हसत होत्या. "पायरीवर खाल्ली ती भाजी लई भारी होती," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, "तेव्हाच आली असतीस तर माझ्या पहिल्या तुकडीत असतीस. वर्षभर कुठं गेलतीस ग? मी कधी विचारलंच नाही."

मुलीनं क्षणभरही वेळ घेतला नाही. "त्या वर्षी आई आजारी होती, मॅडम."

दीर खाकरले. तेवढं शेवळांमुळे नव्हतं.

मी वाढपाची पळी धरून उभी. माझ्या लेकीनं माझ्यासाठी खोटं बोलावं, तेही इतकं सफाईनं, म्हणजे हे उत्तर तिनं फार पूर्वीच तयार करून ठेवलेलं होतं. मी तिच्यासाठी गिरणीवर खोटं बोलले ते माझी अब्रू राखायला. ती खोटं बोलली तेही माझीच अब्रू राखायला. त्या सगळ्यात तिची अब्रू कुणी राखलीच नव्हती.

"नाय हो," मी म्हटलं. "मी ठणठणीत होते. मी पेढे वाटले होते."

"कसले पेढे?"

मग सांगितलं. बाक, साप्ताहिक, धसईचा बाजार, गिरणी. सगळ्यांचे घसे खाजत होते, त्यामुळे मध्ये कुणी बोलू शकलं नाही. मॅडम ऐकत होत्या. शेवटी चिंचोका हातावर काढून त्यांनी अगदी सहज विचारलं, "आणि आमच्याकडं आली तेव्हा किती वाटलेत?"

मुलगी ताटाकडे बघत होती. मी नवऱ्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. घरात त्या विद्यापीठाच्या नावानं साखरेचा खडासुद्धा कुणाच्या हातावर पडला नव्हता, आणि हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. मुलीला मात्र ठाऊक होतं. तिच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं, की ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"नाय वाटले," मी म्हटलं.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी मुरबाडला गेले. पेढे घेऊन धसईचा बाजार केला, मग गाव. तांदूळवाला म्हणाला, "कशाचे ओ?" "लेकीला अॅडमिशन मिळाली." "धाकटी कुठली तुमची?" "थोरली-धाकटी एकच." तो माझ्या पिकल्या केसांकडे बघत पेढा खात राहिला. बहुतेकांनी न विचारता खाल्ले. फुकटच्या पेढ्याला कारण लागत नाही.

मुलगी ओटीवर नातीची वेणी घालत बसली होती. तिला दिला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा नातीच्या तोंडात घातला आणि वेणीची तिसरी बट शोधायला लागली.  मी आणखी काही मागितलं नाही.

दीर कुंपणापाशी उभे होते. दोन घेतले. "ह्या विद्यापीठाचा कितवा नंबर गो वहिनी?"

"मी नाय बघितला."

खोटं. त्याच आठवड्यात नवऱ्यानं क्रमवारीचा नवा अंक आणला होता आणि मी आधी पान उलटूनच बघितलं होतं. लेकीचं विद्यापीठ दोन घरं वर सरकलं होतं. मला आनंद झाला, आणि झाला म्हणून लाज वाटली, आणि तरी अंक मी डब्याखाली घातला नाही.